नडगीच्या हाडातला जंतुसंसर्ग आणि तुटीचं हाड पुन्हा उभं करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नडगी मोडली, ऑपरेशन झालं, आत पू झाला आणि आता सर्जन म्हणतायत की हाडाचा मोठा तुकडा काढून टाकावा लागेल. या टप्प्यावर रुग्ण आणि घरचे जे विचारतात, ते प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमच्या पायाचा निर्णय तुमचे एक्स-रे पाहणाऱ्या सर्जननेच घ्यायचा आहे. त्यांच्यासमोर काय विचारायचं, हे मात्र इथून नेता येईल.

जखम वरून भरते आणि महिन्याभरात पुन्हा फुटते. असं का होतं?

कारण आत मेलेलं हाड आहे. ज्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटला तो मरतो, आणि शरीराच्या पांढऱ्या पेशी काय किंवा औषध काय, दोन्ही रक्तावाटेच पोचतात. रक्त नाही तिथे दोन्ही नाहीत. जंतूंना मात्र असा तुकडा आयता निवारा ठरतो. शरीर त्याच्याभोवती नवं हाड बांधून त्याला कोंडून टाकायला बघतं, साठलेला पू वाट काढून कातडीपर्यंत येतो आणि तिथे भोक पडतं. ते भोक बुजलं की बरं वाटतं, पण बंद झालेला असतो तो फक्त निचरा.

वर्षानुवर्षं वाहत राहिलेल्या अशा भोकाच्या कडेला क्वचित कातडीचा कर्करोग होतो. म्हणून जुनी जखम असेल तर तिच्या कडेचा तुकडा तपासायला पाठवतात. दुखणं अचानक वाढलं, वास बदलला किंवा जखमेतून मांसाचा कोंब वर येऊ लागला, तर थांबू नका.

हे नडगीलाच इतकं का होतं? मांडीचं हाडही मोडतंच की.

मांडीच्या हाडाला चहूबाजूंनी जाड स्नायू आहेत. नडगीच्या पुढच्या-आतल्या बाजूवर हात फिरवून बघा, कातडीखाली थेट हाड लागतं. त्यामुळे जोराचा मार बसला की हाड कातडी फाडून बाहेर येतं आणि रस्त्यावरची माती आत जाते. दुसरी गोष्ट रक्ताची. नडगीला आतून पोसणारी मुख्य रक्तवाहिनी मागच्या बाजूने, वरच्या भागात हाडात शिरते आणि खाली उतरत जाते. मध्ये हाड मोडलं की खालच्या भागाचा तो पुरवठा तुटतो. मग भिस्त उरते ती हाडावरच्या पातळ आवरणावर आणि आसपासच्या स्नायूंवर. घोट्याकडच्या तिसऱ्या हिश्शात तर स्नायू जवळजवळ नाहीतच, नुसत्या शिरा आणि कंडरा. नडगीच्या या खालच्या भागाचं फ्रॅक्चर सर्जनना उगीच धास्तावत नाही.

इतकी ॲन्टिबायोटिक्स झाली, तरी बरं का होत नाही?

मेलेल्या हाडावर आणि आतल्या रॉड-प्लेटवर जंतू चिकट थर करून बसतात, नदीतल्या दगडावर शेवाळ धरतं तसा. या थरात जंतूंची वाढ मंद असते, आणि बरीचशी ॲन्टिबायोटिक्स वाढत्या जंतूंवरच नीट चालतात. सर्वांत जास्त सापडणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू तर हाडातल्या सूक्ष्म नलिकांमध्येही शिरून बसतो. औषधाने ताप उतरतो, सूज ओसरते, पू कमी होतो. औषध थांबलं की थरातले जंतू पुन्हा बाहेर पडतात.

म्हणून जुन्या संसर्गात औषध हे ऑपरेशनच्या जोडीचं असतं, ऑपरेशनऐवजी नाही. सफाई न करता एकामागून एक ॲन्टिबायोटिक बदलत महिने काढले, तर हाती येतात ती फक्त औषधांना दाद न देणारे जंतू.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी गोळ्या बंद करायला सांगितल्या. उलटंच नाही का हे?

नाही. औषध चालू असेल तर नमुन्यात जंतू वाढत नाहीत आणि अहवाल कोरा येतो. रुग्णाची तब्येत स्थिर असेल तर साधारण 2 आठवडे आधी औषध थांबवतात. मग ऑपरेशनमध्ये खोलवरून, वेगवेगळ्या जागांवरून पाच-सहा नमुने घेतात. बाहेरच्या भोकातून बोळ्यावर घेतलेल्या पुवावर फारसा भरवसा ठेवता येत नाही, कारण त्यात कातडीवरचे जंतूच जास्त सापडतात. काही जंतू सावकाश वाढतात म्हणून नमुने अनेक दिवस ठेवावे लागतात. क्षयाच्या जंतूची आणि पेशींची तपासणीही त्यातूनच होते. ताप चढलाय, पाय लाल होऊन तापलाय, अशा अवस्थेत मात्र हा नियम लागू नाही. तिथे औषध आधी.

बाकी तपासण्या ठरलेल्या: एक्स-रे, मेलेला तुकडा नेमका दाखवायला सीटी, मज्जेत संसर्ग कुठवर पसरलाय ते पाहायला एमआरआय (आत धातू असेल तर चित्र बिघडतं), आणि रक्तात शरीरातला दाह दाखवणारे सीआरपी व ईएसआर. रक्ताचे आकडे साधारण असले म्हणून हाडात संसर्ग नाही, असं धरू नये.

एक्स-रेत तीन सेंटीमीटर हाड खराब दिसत होतं, पण ऑपरेशनमध्ये सहा सेंटीमीटर काढलं. जास्त कापलं का?

बहुतेक वेळा याचं उत्तर असं की पुरेसं कापलं. या सगळ्या उपचारातलं सर्वांत मोलाचं ऑपरेशन हेच, आणि घरच्यांना सर्वांत कमी समजावून सांगितलं जातं तेही हेच.

एक्स-रेत हाड पांढरं, दणकट दिसतं. ते जिवंत आहे की मेलेलं, हे त्यावरून नक्की ठरत नाही. ते ठरतं कापताना. मेलेलं हाड पिवळट-पांढरं, कोरडं असतं आणि त्यातून रक्त येत नाही. सर्जन थोडं थोडं कापत, घासत जातो, आणि कापलेल्या कडेवर रक्ताचे बारीक लाल ठिपके उमटू लागले की थांबतो. ठिपके नाहीत तर आणखी पुढे. हे बघता यावं म्हणून काही सर्जन पायाला रक्त रोखणारा दाबपट्टा बांधत नाहीत किंवा मध्येच सोडून पाहतात.

पुढे हाड भरून काढायच्या पद्धती आज हाताशी आहेत, तेव्हा तूट मोठी होण्याच्या भीतीने मेलेलं हाड मागे ठेवणं हा खोटा काटकसरीपणा आहे. सहा सेंटीमीटरची स्वच्छ पोकळी ही तीन सेंटीमीटरच्या घाणेरड्या पोकळीपेक्षा कितीतरी बरी. हाड पुन्हा उभं करणं फसतं तेव्हा खापर फुटतं बाहेरून लावलेल्या फ्रेमवर किंवा पोकळीत भरलेल्या हाडावर (ग्राफ्टवर), पण मूळ दुखणं बहुधा अर्धवट सफाईत असतं. सफाई एकदाच पुरेल असंही नाही. काही दिवसांनी पुन्हा आत पाहावं लागलं तर ते अपयश समजू नका.

आतला रॉड किंवा प्लेट काढावीच लागते का?

जुना संसर्ग असेल तर जवळजवळ नेहमीच, कारण जंतूंचा थर त्यावरच असतो. हाडाला आधार तर हवाच, म्हणून बाहेरून फ्रेम लावतात. काही ठिकाणी ॲन्टिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा लेप दिलेला रॉड तात्पुरता घालतात.

हाडाच्या ऑपरेशनला प्लॅस्टिक सर्जन कशाला?

जिवंत मांसाच्या पांघरुणाशिवाय हाड भरत नाही, म्हणून. उघडं पडलेलं हाड वाळतं आणि मरतं. नडगीच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात पोटरीचा मोठा स्नायू पुढे वळवून आणता येतो, मधल्या हिश्शात त्याखालचा सोलियस. खालच्या हिश्शात जवळचं काही पुरत नाही. तिथे पाठीचा, मांडीचा स्नायू किंवा कातडी रक्तवाहिन्यांसकट उचलून आणतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पायाच्या रक्तवाहिन्यांना जोडतात. लहान जखमेसाठी पोटरीच्या मागची कातडी खाली फिरवून आणायचा पर्यायही आहे. हा फ्लॅप म्हणजे वरवरचं ठिगळ नव्हे. त्याच्यासोबत रक्त येतं, आणि रक्तासोबत औषध व पेशी. हाडाचे आणि प्लॅस्टिकचे सर्जन पहिल्या दिवसापासून एकत्र बसून ठरवत असतील, तर ते चांगलं लक्षण समजा.

ॲन्टिबायोटिक शिरेतूनच सहा आठवडे घ्यावं लागतं का?

पूर्वी तसाच शिरस्ता होता. 2019 साली ब्रिटनमधल्या ओव्हिवा या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. हाडा-सांध्यांचा संसर्ग असलेल्या हजारावर रुग्णांवर ती झाली होती. पहिल्या 6 आठवड्यांत योग्य गोळ्या घेतलेले रुग्ण शिरेतून औषध घेणाऱ्यांच्या तुलनेत वर्षाअखेर मागे पडले नाहीत. अर्थात कोणती गोळी, हे जंतूचा अहवाल पाहूनच ठरतं. याशिवाय पोकळीतच जेंटामायसिन किंवा व्हँकोमायसिन मिसळलेले सिमेंटचे मणी किंवा आपोआप विरघळणाऱ्या कॅल्शियम सल्फेटच्या गोळ्या ठेवतात. तिथे औषधाचं प्रमाण इतकं जास्त मिळतं, की तेवढं रक्तावाटे देता येणं शक्य नसतं.

इलिझारोव्ह म्हणजे नेमकं काय? हाड खरंच वाढतं?

खरंच वाढतं. गाव्रिल इलिझारोव्ह हे सोव्हिएत काळातले, सायबेरियातल्या कुर्गान शहरात काम करणारे डॉक्टर. 1950 च्या दशकात त्यांनी पायाभोवती धातूच्या रिंगा, त्यांतून ताणून बसवलेल्या बारीक तारा आणि रिंगा जोडणारे आटेदार दांडे अशी रचना उभी केली. त्यांच्या लक्षात आलं की हाड हळुवार कापून दोन टोकं सावकाश, ठरावीक गतीने दूर नेली तर मधल्या फटीत शरीर नवं हाड घालतं, आणि त्यासोबत रक्तवाहिन्या, नसा, कातडीही वाढते.

बाहेर हे नाव पसरलं ते त्यांच्या रुग्णांमुळे. 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये उंच उडीचं सुवर्ण जिंकणारा व्हॅलेरी ब्रुमेल पुढच्याच वर्षी मोटारसायकलच्या अपघातात सापडला. अनेक ऑपरेशनांनंतरही पाय सुधारेना, तेव्हा तो कुर्गानला गेला आणि त्यातून सावरून पुन्हा उड्या मारू लागला. पुढे इटालियन गिर्यारोहक कार्लो माउरी आपला वर्षानुवर्षं न भरलेला पाय घेऊन तिथे पोचला, आणि 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत इटलीमार्गे पश्चिम युरोपात शिरली.

तूट भरताना असं करतात: खराब भाग काढल्यावर पोकळी राहते. तिच्यापासून दूर, चांगल्या भागात हाड कापतात. मधला सुटा तुकडा जिवंतच असतो. आठवडाभर थांबून मग तो फ्रेमच्या आधाराने दिवसाला 1 मिलिमीटर या गतीने पोकळीकडे सरकवत नेतात. पुढे पोकळी बुजत जाते, मागे नवं हाड तयार होत जातं.

1 मिलिमीटर हे कुठून आलं? लवकर सरकवलं तर लवकर बरं होणार नाही का?

उलट होईल. फार भरभर ओढलं तर फटीत हाडाऐवजी नुसते तंतू होतात, नसा ताणल्या जातात. फार सावकाश नेलं तर फट मध्येच जुळून घट्ट होते आणि पुढे सरकतच नाही. म्हणून 1 मिलिमीटर, तेही एकदम नाही. पाव-पाव मिलिमीटर दिवसातून 4 वेळा. नट रुग्ण किंवा घरची माणसं स्वतःच फिरवतात. एक वेळ चुकली तर भरपाई म्हणून दुप्पट फिरवू नका, विचारा. नवं हाड नीट धरत नसेल तर सर्जन गती कमी करायला सांगतात.

तुकडा जाऊन टेकला, आता झालं ना?

इथेच बऱ्याच जणांचा धीर सुटतो. तुकडा समोरच्या टोकाला टेकतो तोवर ती टोकं कित्येक महिने उघडी राहून गुळगुळीत झालेली असतात, मध्ये तंतूंची गादी साठलेली असते, किंवा तुकडा थोडा तिरका आलेला असतो. त्यामुळे ही जागा आपोआप जुळेल असं धरता येत नाही. बऱ्याचदा ती उघडून, टोकं ताजी करून कमरेच्या हाडाचा चुरा घालावा लागतो. हे छोटं ऑपरेशन योजनेचाच भाग असू शकतं, हे आधीच सांगितलं गेलं तर नंतर फसवल्यासारखं वाटत नाही. नव्या हाडाला कडक व्हायला वेगळा वेळ लागतो, आणि तो सरकवण्याच्या काळाच्या दुपटीहूनही जास्त असू शकतो.

मॅस्केले पद्धत कशी असते?

फ्रेंच सर्जन अलें मॅस्केले यांनी ती 1980 च्या दशकात वापरायला सुरुवात केली आणि 2000 साली सविस्तर मांडली. दोन ऑपरेशनं असतात. पहिल्यात सफाई करून पोकळीत हाडाच्या सिमेंटचा ठोकळा बसवतात आणि वर स्नायूचं पांघरूण घालतात. सिमेंट पोकळी राखून ठेवतं, आणि शरीर त्याच्याभोवती एक पडदा तयार करतं. 6 ते 8 आठवड्यांनी दुसरं ऑपरेशन: पडदा जपून चिरायचा, सिमेंट काढायचं, त्या पिशवीत रुग्णाच्याच कमरेतला किंवा मांडीच्या हाडातून खरवडलेला हाडाचा चुरा भरायचा आणि पडदा शिवून टाकायचा. या पडद्यात भरपूर रक्तवाहिन्या असतात, हाडवाढीला चालना देणारे घटक त्यातून पाझरतात आणि आतला चुरा शरीरात विरून जाण्यापासून वाचतो.

फायदा हा की महिनोन्महिने नट फिरवावे लागत नाहीत. मर्यादा ही की चुरा शरीरातूनच काढायचा असतो आणि तो अमर्याद नाही. दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी आत संसर्गाची शंका आली तर चुरा न भरता पुन्हा सफाई करून नवं सिमेंट बसवतात. रुग्णाला ते मागे गेल्यासारखं वाटतं, पण संसर्ग असलेल्या पिशवीत हाड भरणं म्हणजे ते फुकट घालवणं.

शेजारचं बारीक हाड काढून घालतात असं ऐकलं.

हो, फिब्युला. दुसऱ्या पायातून ते रक्तवाहिनीसकट काढून नडगीच्या जागी बसवतात आणि रक्तवाहिन्या जोडतात. ऑस्ट्रेलियातल्या इयन टेलर यांनी 1975 साली हे प्रसिद्ध केलं. हे जिवंत हाड असल्यामुळे ते फ्रॅक्चरसारखं जुळतं. पण नडगीच्या मानाने ते बारीक असतं. भार पडत गेला की वर्षा-दोन वर्षांत जाड होतं, तोवर ते मोडायची भीती असते. काढताना घोट्याच्या वरचा 6 ते 8 सेंटीमीटरचा भाग जागेवर ठेवतात, नाहीतर घोटा डळमळतो. त्याच पायातली फिब्युला नुसती आत सरकवून बसवायची युक्ती तर त्याहूनही जुनी आहे.

मग यातली सगळ्यात चांगली पद्धत कोणती?

सर्वांना लागू पडेल अशी एकच नाही. माझं मत विचाराल तर सर्जनच्या हाताला जी बसलेली आहे आणि रुग्णाला जी झेपेल ती. पाय आखूडही झाला असेल किंवा वाकडा असेल तर रिंगांची फ्रेम एकाच वेळी तिन्ही गोष्टी सुधारू शकते. तूट लहान असेल तर पाय आधी तेवढाच आखूड करून टोकं भिडवतात आणि दुसरीकडे हाड कापून लांबी परत मिळवतात. एका झटक्यात 3-4 सेंटीमीटरहून जास्त आखूड केलं तर रक्तवाहिन्या दुमडायची भीती असते. घरी नट फिरवायला, कातडीतून हाडात गेलेल्या फ्रेमच्या पिना साफ ठेवायला कोणी नसेल, नियमित तपासणीला येणं जमणार नसेल, तर कागदावर उत्तम दिसणारी फ्रेम त्या माणसासाठी वाईट ठरू शकते. सर्जनला विचारायचा प्रश्न पद्धतीच्या नावाचा नाही, "सफाई पुरेशी झाली हे तुम्ही कशावरून ठरवणार?" हा आहे.

फ्रेम किती महिने?

ढोबळ हिशेब एका सेंटीमीटरला दीड ते दोन महिने. सहा सेंटीमीटरला नऊ महिने ते वर्ष. धूम्रपान, मधुमेह, वय यांनी तो लांबतो. "तीन महिन्यांत मोकळे" असं कोणी सांगत असेल तर दुसरं मत घ्या.

रिंगांच्या फ्रेमवर सर्जनच्या परवानगीने बहुधा लवकरच पाय टेकवून चालता येतं, आणि चालावंच. भार पडला की नवं हाड पक्कं होतं. पाऊल खाली झुकून आखडू नये म्हणून घोट्याचे व्यायाम पहिल्या आठवड्यापासून. हाड जुळलं पण पाऊल वाकडं राहिलं, तर चालणं काही सुधारत नाही.

पिनांच्या जागी पाणी येतं. फ्रेमही बिघडली का?

पिनांच्या भोवती थोडं स्वच्छ पाणी, थोडी लाली जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी होते. बहुतेकदा साफसफाई आणि काही दिवसांच्या गोळ्यांनी ती आटोक्यात येते. पिन हलते आहे, पू येतो आहे, तिथे हात लावू देववत नाही, तर दाखवा. एखादी पिन बदलावी लागली तरी फ्रेम वाया जात नाही.

सिगारेट-तंबाखू खरंच इतकी नडते?

हो. जॉर्ज सिअर्नी आणि जॉन मेडर यांनी 1985 साली हाडाच्या संसर्गाची जी वर्गवारी मांडली, तीत हाडाच्या अवस्थेइतकंच महत्त्व माणसाच्या अवस्थेला दिलं. रक्तवाहिन्या आकसलेल्या, साखर वाढलेली, प्रथिनं कमी, अशा माणसात तेच ऑपरेशन वेगळा निकाल देतं. काही सर्जन तंबाखू सुटेपर्यंत हाड पुन्हा उभं करायचं ऑपरेशन पुढे ढकलतात. तो हट्ट रास्त आहे.

पाय कापून कृत्रिम पाय लावणं बरं, असं कोणी सुचवलं. हा पराभव नाही का?

नाही. पायाचा तळवा कायमचा बधिर असेल, रक्तपुरवठा धड नसेल, तब्येत एक-दोन वर्षांच्या ऑपरेशनांना तोंड देण्यासारखी नसेल, किंवा सगळं करून हाती येणारा पाय दुखरा आणि ताठर असणार असेल, तर गुडघ्याखाली पाय काढणं हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. अमेरिकेत पायाच्या गंभीर दुखापतींवर झालेल्या लीप या अभ्यासाचे निष्कर्ष 2002 साली आले. दोन वर्षांनी पाय वाचवलेले आणि पाय काढलेले यांच्या रोजच्या जगण्यात मोठा फरक आढळला नाही. दोन्ही गटांत जवळपास निम्मेच लोक कामावर परतले होते. पाय वाचवलेल्यांना पुन्हा दवाखान्यात भरती व्हायची वेळ मात्र जास्त आली. तो अभ्यास ताज्या दुखापतींचा होता, जुन्या पुवाचा नाही, तरी निवड करताना तो माहीत असावा. घाईत ठरवू नका, आणि शक्य असेल तर दोन्ही वाटांनी गेलेल्या माणसांशी बोला.

फ्रेम काढल्यावर पुन्हा पू आला तर?

येऊ शकतो, कधी कित्येक वर्षांनीही. म्हणून हाडाच्या संसर्गाबाबत डॉक्टर "बरा झाला" म्हणण्यापेक्षा "शांत आहे" म्हणणं पसंत करतात. फ्रेम काढल्यानंतरचे पहिले काही महिने नवं हाड मोडायचीही भीती असते, त्या काळात ब्रेस किंवा प्लॅस्टर आणि कुबड्या सांगितल्या तर त्या वापरा. नडगी पुन्हा गरम लागली, रात्री दुखू लागली, जुन्या व्रणापाशी फुगवटा आला, तर आधी उरलेल्या गोळ्या सुरू करू नका; नमुना घेण्याआधी पोटात गेलेली ती गोळीच पुढचा अहवाल कोरा करते. जुने एक्स-रे, ऑपरेशनचे कागद आणि आधीचा जंतूचा अहवाल घेऊन त्याच आठवड्यात जा.